जादूच्या खेळातली खाणावळ



आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाने मोबाईलवरच्या जादूच्या खेळावर लेख लिहावा, हे पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतील. आमच्याही पडल्या होत्या. त्या कशा पडल्या आणि कशा गेल्या, तेवढेच येथे सांगायचे आहे. यात आमची एक चूक आहे आणि ती घरातली आहे. पण आता घरोघरी मोबाईल आला आहे आणि बहुतेक घरांत हीच चूक होत असणार, म्हणून ती चारचौघांत सांगायला हरकत नाही असे वाटले.

आमचे गाव खोडाळा, तालुका मोखाडा. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. भोवताली डोंगर, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण. वस्ती बहुतेक आदिवासी बांधवांची : वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कोकणा. बौद्धांची घरे मोजकीच. आम्ही एका कार्यालयात कारकुनी करतो आणि सुट्टीच्या दिवशी समाजाचे काम करतो. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हापासून पाड्यापाड्यांवर जाऊन त्याची माहिती सांगणे हे त्यातलेच एक काम. जादूला आमचा विरोध. भूत, करणी, अंगात येणे, गंडा-दोरा हे सारे आमच्या घरातून १९५६ सालीच गेले. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या वडिलांनी पाळल्या आणि आम्ही पाळतो आहोत.

अशा घरात जादू परत शिरली ती २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत. आमची थोरली मुलगी तेव्हा नववीत होती. ती कल्याणला मामाकडे गेली होती. तिथे मामेभावाकडे हॅरी पॉटरची पुस्तके होती. इंग्लंडच्या जे. के. रोलिंग बाईंनी १९९७ ते २००७ या काळात लिहिलेली ही सात पुस्तके. मराठीतही ती आली आहेत. पहिल्याचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. थोरलीने काही मराठीत वाचली, काही इंग्रजीत अडखळत अडखळत वाचली. त्यांच्यावर बेतलेला मोबाईलचा एक खेळही त्याच वर्षी जूनमध्ये निघाला होता. त्याचे नाव 'हॅरी पॉटर : विझर्ड्स युनाइट'. म्हणजे जादूगारांनो, एक व्हा! नायँटिक नावाच्या अमेरिकन कंपनीने तो काढला होता.

या खेळाची रीत वाचकांना थोडी सांगितली पाहिजे. मोबाईलला आपण कुठे उभे आहोत ते उपग्रहावरून कळते. तोच खराखुरा रस्ता, तेच वळण पडद्यावर नकाशासारखे दिसते. आपण चाललो की नकाशातला माणूस चालतो. जादूच्या दुनियेत काहीतरी मोठा घोटाळा झालेला असतो आणि तिथली माणसे, प्राणी, वस्तू आपल्या दुनियेत येऊन अडकलेली असतात. ती वाटेत दिसली की बोटाने पडद्यावर एक आकृती काढायची. तो मंत्र. तो नीट जमला तर अडकलेला जीव सुटतो आणि आपल्या जागी परत जातो. पण प्रत्येक मंत्राला शक्ती खर्च होते. ती संपली की चालत जाऊन खाणावळ गाठायची. तिथे जेवले की शक्ती परत येते. या खाणावळी नकाशावर ठिकठिकाणी उभ्या असतात : बागेत, चौकात, पुतळ्यापाशी, देवळापाशी.

कल्याणला पोरांनी भरपूर जेवून घेतले. मग आम्ही थोरलीला आणायला गेलो. लोकलने कसारा, तिथून जीपने विहीगाववरून खोडाळा. विहीगावचा धबधबा वाचकांना ठाऊक असेल. २००१ च्या 'अशोका' या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले, तेव्हापासून लोक त्याला अशोका धबधबा म्हणतात. सम्राटाचे नाव सिनेमामुळे का होईना, आमच्या वाटेवर आले. जीपमध्ये थोरलीने आमचाच मोबाईल घेतला होता. घाट चढत गेलो तशा तिच्या पडद्यावरच्या खाणावळी विरळ होत गेल्या. खोडाळ्यात शिरलो तेव्हा एक रस्त्याची रेघ आणि बाकी नुसते हिरवे रान.

"पप्पा, आपल्या गावात खाणावळच नाही."

आम्ही पेंगत होतो. म्हणालो, "आहे की स्टँडवर. मिसळ मिळते."

ती हसली आणि तिने मोबाईल परत दिला. त्या वेळी आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे तिनेच समजावले. या कंपनीचा 'इन्ग्रेस' नावाचा एक आधीचा खेळ होता. त्यात गावोगावची ठिकाणे खेळणाऱ्यांनीच सुचवली होती आणि पुढच्या खेळांच्या नकाशाला त्यांचाच आधार झाला. जिथे खेळणारे पुष्कळ, तिथे ठिकाणे पुष्कळ. जिथून कुणी काही सुचवलेच नाही, तिथे रान. यात दोष कुणाला द्यायचा? आपले गाव कुणी लिहून दिले नाही, म्हणून ते लिहिले गेले नाही, इतकेच.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीची भीमजयंती सगळ्यांनी घरातच साजरी केली. जूनमध्ये थोरलीची दहावी सुरू झाली, तीही मोबाईलवर. हप्त्याने एक मोबाईल घेतला. घरात रेंज धड येत नसे, म्हणून ती मागच्या माळावर एका खडकावर जाऊन बसे. छत्री, वही आणि मोबाईल. तासन् तास तिथे. आम्हाला वाटे, पोर अभ्यास करते आहे.

त्या पावसाळ्यात शेजारच्या पाड्यावर एका नातवाला ताप भरला. आजोबा वारली समाजाचे, आमच्याहून वडील. आम्ही त्यांना काका म्हणतो. तीन दिवस ताप उतरला नव्हता आणि त्यांनी भगताला बोलावले होते. भगताला बोलावणारा माणूस अडाणीच असतो असे आम्ही मानत नाही. टाळेबंदीत वाहन नाही, हातात पैसा नाही, आणि भगत घरी येतो, पोराजवळ बसतो, दोन शब्द बोलतो. तरीही ताप तापच आहे. आम्ही गेलो आणि सांगू लागलो की पोराला आरोग्य केंद्रात न्या, रक्त तपासा, मंत्राने काही होणार नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, आमाला शिकवताय. तुमची पोरगी तं माळावं बसून मोबाईलमंदी जादू करते. आमच्या पोरांनी पायलंय. आधी तिला आवरा."

जमलेली माणसे हसली. काकांच्या सुनेने मात्र कुणाचीच वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पोर पाठीशी बांधून ती स्वतः आरोग्य केंद्रात गेली. रक्त तपासले, औषध सुरू झाले आणि पोर बरे झाले. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो ते पेटूनच.

काय बोललो ते सगळे लिहीत नाही. तुझ्यामुळे समाजात मान खाली घालावी लागली, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात जादूटोणा करतेस, असे पुष्कळ बोललो. हात उगारला. मारला नाही, पण उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मोबाईल हिसकावून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. तिने एक शब्द उलट काढला नाही.

तीन दिवस मोबाईल कपाटात राहिला. म्हणजे तीन दिवस दहावीची शाळाही कपाटात राहिली, हे आमच्या ध्यानातच आले नाही. चौथ्या दिवशी ती आईला म्हणाली, "मी शाळा सोडते." शाळा सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. मोखाड्यात आम्ही ज्या गोष्टीविरुद्ध लोकांच्या दारोदार फिरतो, तीच आमच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती आणि दार आम्हीच उघडले होते.

आमच्या सहचारिणी फार बोलणाऱ्या नाहीत. वर्षावासाचे दिवस होते. दरसाल समाजमंदिरात होणारे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्या वर्षी घरीच चालू होते. त्या संध्याकाळी आम्ही ग्रंथ उघडला तेव्हा त्या म्हणाल्या, "पाड्यावर जाऊन सांगता, कुणी म्हणतं म्हणून मानू नका, आधी तपासा. तथागतांनी कालामांना तेच सांगितलं म्हणता. मग काका म्हणाले ते तुम्ही तपासलंत का?"

याला उत्तर नव्हते. आम्ही ग्रंथ मिटला, किल्ली काढली आणि थोरलीजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "दाखव. काय आहे ते आम्हाला दाखव."

तिने मोबाईल हातात घेतला नाही. आधी बोलली. "पप्पा, भगत म्हणतो हे खरं आहे. खेळ म्हणतो हा खेळ आहे. माझा ताप मंत्राने जाईल असं मला वाटतं का? मला ताप आला तर मी गोळी घेईन."

वाचकहो, आम्ही सात वर्षे ज्या विषयावर भाषणे करीत होतो, त्याचा गाभा तिने चार वाक्यांत सांगितला. कल्पना आणि अंधश्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण काल्पनिक गोष्ट ऐकतो तेव्हा ती काल्पनिक आहे हे ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. बुवा जेव्हा सांगतो तेव्हा तो ते खरे म्हणून सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. जादूटोणाविरोधी कायद्यातही साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्राने उपचार करणे हा गुन्हा आहे. गोष्ट सांगणे हा गुन्हा नाही. हा भेद आम्हाला पाठ होता, पण तो घरात लावून पाहिला नव्हता.

मग त्या रात्री दिवे गेले असताना तिने आम्हाला पुस्तकांतली दुनिया सांगितली, आणि आम्ही चकित झालो. आम्हाला वाटत होते की झाडू आणि टोप्या असतील. पण त्या दुनियेत रक्ताची शुद्धता मानणारी घराणी आहेत! आईबाप दोघेही जादूगार, त्यांचे आईबाप जादूगार, तेच शुद्ध. हर्मायनी नावाची एक मुलगी आहे. वर्गात सर्वांत हुशार. तिचे आईबाप दातांचे डॉक्टर, जादूशी संबंध नाही. म्हणून एक श्रीमंत मुलगा तिला सगळ्यांसमोर 'घाण रक्ताची' अशी शिवी देतो. शेवटच्या पुस्तकात दुष्टांच्या हाती सरकार जाते तेव्हा ते एक समिती नेमते. अशा मुलांना बोलावून विचारायचे, तुझ्या घराण्यात जादू नव्हती, मग तू ही विद्या चोरलीस कुणाकडून? आणि छडी काढून घ्यायची.

आम्ही अंधारात गप्प बसलो होतो. धाकटा म्हणाला, "म्हणजे शंबूक." थोरली म्हणाली, "आणि एकलव्य." त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

त्या पुस्तकांत घरगडी म्हणून राबणारे एक छोट्या जीवांचे कुळही आहे. मालकाने कपडा दिला तरच ते मुक्त होतात. डॉबी नावाचा एक जण असाच एका मोज्यामुळे सुटतो. हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते तर तिचे मित्रच तिला हसतात, आणि गुलामांपैकी बऱ्याच जणांना मुक्ती नकोच असते. गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याविषयी बाबासाहेब काय म्हणत, हे या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आम्ही थोरलीला एवढेच म्हणालो, "बेटा, गोष्ट चांगली आहे. पण आपल्याला कुणी मोजा दिला नाही. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी स्वतः ओंजळीत घेतले, आणि मागून हजारो लोकांनी घेतले." ती म्हणाली, "म्हणून तर वाचताना मला डॉबीपेक्षा हर्मायनी आवडली."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पाऊस उघडला होता. आम्ही तिच्याबरोबर माळावर त्या खडकावर जाऊन बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मोबाईलवर खेळलो.

टाळेबंदीत कुणाला बाहेर पडता येत नव्हते, म्हणून खेळात 'नाइट बस' नावाची एक सोय आली होती. पुस्तकात ही अडलेल्या जादूगाराला रात्री वाटेत उचलणारी तीन मजली बस आहे. आमची एस.टी. बंद होती, ही मात्र चालू होती! तिच्यात बसले की घरबसल्या जादूच्या शाळेतल्या गडावर जाता येई. एरवी गडावर जायला प्रत्यक्ष त्या ठिकाणी जावे लागे, आणि आमच्या गावात गड नव्हता की खाणावळ नव्हती. या बसमुळे खोडाळ्याची पोर गडावर पोचली होती. तासन् तास ती तिथे कुणाबरोबर होती, हे आता आम्हाला कळणार होते.

गडावर पाच जण मिळून लढतात. जगात कोण कुठे बसले आहे ठाऊक नाही. बोलण्याची सोय नाही. दिसते ते फक्त घेतलेले नाव, पायरी आणि निवडलेले काम. कामे तीन : दुष्टांशी लढणारा ऑरर, प्राण्यांना हाताळणारा आणि जखमींना बरे करणारा मॅजिझूलॉजिस्ट, आणि तिसरा प्रोफेसर. काम आपले आपण निवडायचे. पुस्तकातल्या शाळेत चार घरे आहेत. खेळात आपले घरही आपणच निवडायचे. जन्माने काही ठरत नाही. थोरलीने बरे करणाऱ्याचे काम घेतले होते.

तिने मोबाईल आमच्या हातात दिला. आमचे बोट जाडे, खातेवहीत आकडे लिहिण्याची सवय असलेले. मंत्राची आकृती एकदाही नीट उमटली नाही. दुसऱ्याच लढाईत आमची ताकद संपली आणि आम्ही पडलो. बाकीच्या चौघांचे काम आमच्यामुळे अडले. आता हे आपल्याला टाकून पुढे जाणार, असे आम्हाला वाटले. आम्ही मोबाईल परत देणार, एवढ्यात पडद्यावर उजेड झाला आणि आमचा माणूस उठून उभा राहिला.

"हे काय झाले?"

"त्यांच्यातल्या एकाने तुम्हाला उठवलं. त्याची स्वतःची शक्ती त्यात खर्च झाली."

"कोण तो? कुठला?"

"माहीत नाही, पप्पा. इथे कुणी विचारत नाही."

थोरलीने सांगितले की जाणते ऑरर लढाई सुरू होताच आपल्याजवळची शक्ती आधी बरे करणाऱ्याला आणि प्रोफेसरला देऊन टाकतात. तसे केले नाही तर पाचही जण पडतात. दान या पारमितेवर आम्ही समाजमंदिरात बोललो आहोत. पण ज्याचे तोंड पाहिले नाही, नाव ऐकले नाही, अशा माणसाने न विचारता आम्हाला हात देऊन उठवले, हे आमच्या बाबतीत प्रत्यक्षात फार वेळा घडलेले नाही. खेळातले का होईना, आम्हाला ते लागले.

मग आमची नजर पडद्यावरच्या पाच नावांवर गेली. चार नावे परकी होती. पाचवे इंग्रजी अक्षरांत होते : खोडाळा, आणि त्याला जोडून आकडे, १९५६.

आम्ही तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, "खेळाच्या नकाशात आपल्या गावाचं काहीच नाही ना. म्हणून नावातच गाव घातलं. आणि आपण कधीपासून आहोत ते."

ज्या पोरीवर बावीस प्रतिज्ञा बुडवल्याचा आरोप ठेवून आम्ही हात उगारला होता, ती पोर जगभरच्या अनोळखी माणसांपुढे धम्मदीक्षेचे साल कपाळावर लिहून फिरत होती. आम्हाला त्या खडकावर बसवेना.

त्या रात्री झोप लागली नाही. १९१७ साल डोळ्यांपुढे येत राहिले. बाबासाहेब अमेरिकेतून आणि इंग्लंडातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी खाणावळीत, पारशी नाव घेऊन ते राहिले. ते कळले तेव्हा काठ्या घेतलेली माणसे चालून आली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एवढा विद्वान माणूस, पण खाणावळीत टिकायला त्याला दुसऱ्याचे नाव घ्यावे लागले आणि तेही पुरले नाही. आणि शंभर वर्षांनी आमच्या गावची पोर आपले गाव आणि आपले साल उघड लिहून गडावर जाते आणि कुणी तिला हाकलत नाही. खेळ खोटा आहे, हे आम्हाला कळते. पण पोरांना तो का आवडतो, हेही त्या रात्री कळले. तिच्या शाळेत पहिल्या दिवशी नाव विचारतात आणि मग आडनाव विचारतात. आडनावानंतर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होते, हे आमच्या मुलांना लहानपणापासून वाचता येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिची माफी मागितली. बापाने मुलीची माफी मागावी का, असे काही जण विचारतील. चूक झाली तर मागावी, असे आमचे उत्तर आहे. नंतर आम्ही तिघांनी बसून नियम केले. आधी शाळा, मग अभ्यास, मग एक तास खेळ. रात्री मोबाईल आईजवळ. खेळात पैसे देऊन सोने विकत घेता येई. त्यात एक रुपयाही घालायचा नाही. हा नियम सगळ्यांनी करावा. कंपनी खेळ फुकट देते ती धर्मादाय म्हणून नव्हे. पोराचा वेळ आणि बापाचा खिसा, दोन्हींवर तिचे लक्ष असते. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन प्रकार तर वेगळेच. त्यांनी कितीतरी घरे धुतली. २०२५ साली केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला, तो बरा झाला. पण मोबाईलवर दिसणारा प्रत्येक खेळ हा जुगारच, असे समजून हात उगारणाऱ्याने आधी शेजारी बसून पाहावे. आम्ही बसलो नसतो तर आज घरात दहावी नापास म्हणायलाही कुणी नसते, शाळा सोडलेली मुलगी असती.

थोरली दहावी झाली, बारावी झाली. आता नाशिकला शिकते. खेळ मात्र राहिला नाही. ३१ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने तो जगभर बंद केला. त्या रात्री तिने आम्हाला हाक मारली आणि जमवलेले सगळे एकेक करून दाखवले : सोडवलेली माणसे, प्राणी, मिळवलेल्या पायऱ्या. दोन वर्षांची मेहनत. नंतर उघडले तर काही नाही. तिची आई म्हणाली, "सब्बे सङ्खारा अनिच्चा." सगळे हसलो. थोरलीचे डोळे मात्र भरले होते.

राहिला तो एक कागद. त्या रविवारनंतर आम्ही तिला म्हणालो होतो, "खेळाच्या नकाशात गाव नाही तर तू काढ." तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खोडाळ्याचा नकाशा काढला. बाजारपेठ, स्टँड, शाळा, आरोग्य केंद्र, विहीर, आमचे समाजमंदिर, तो माळ आणि तो खडकसुद्धा. स्टँडवरच्या मिसळीच्या दुकानाला तिने मोठ्या अक्षरांत 'खाणावळ' असे लिहिले. तो आम्ही बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावला. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचो आणि सांगायचो की पाहा, जगाने आम्हाला नकाशात घातले नाही, तर आमच्या पोरीने घातले.

२०२२ च्या उन्हाळ्यात काका एका अर्जाचे काम घेऊन घरी आले. बरोबर तोच नातू होता, आता चांगला उंच झालेला. आम्ही अर्ज भरत होतो तोवर काका नकाशापुढे उभे राहिले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी नातवाला एकेक ठिकाण वाचायला सांगितले. तो बोट ठेवून वाचत गेला. सगळे वाचून झाले.

काका म्हणाले, "आमचा पाडा कुठं हाय?"

आम्ही पाहिले. थोरलीने पाहिले. पाडा नव्हता. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेला, ज्याच्या ओट्यावर बसून आम्ही वर्षानुवर्षे भाषणे दिली, तो पाडा आमच्या नकाशात नव्हता. आमच्यापैकी कुणाला दोन वर्षांत ते दिसलेही नव्हते.

काका रागावले नाहीत. नुसते उभे होते. थोरलीने पेन्सिल आणली आणि नातवाच्या हातात दिली. म्हणाली, "तू काढ. घरं किती, ते तुला माहीत."

त्याने समाजमंदिराच्या पलीकडे, ओढ्याच्या वळणावर एकेक करून अकरा घरे काढली. पेन्सिल बोथट होती म्हणून रेघा जाड आल्या. नकाशा अजून भिंतीवर आहे, आणि कुणी आले की आम्ही तो दाखवतो. पण आता पूर्वीचे ते वाक्य बोलत नाही. आधी विचारतो, तुमचे घर यात आहे का ते पाहा, नसेल तर ही पेन्सिल घ्या.

नमो बुद्धाय, जयभीम!